रक्ताचा परतीचा मार्ग

मनुष्याच्या अंगांत रक्त किती असतें आणि हृदय दर मिनिटास किती रक्त पुढें ढकलतें, हे दोन आंकडे शेजारीं शेजारीं मांडून पाहिले तर एक मोठी मौजेची गोष्ट ध्यानांत येते. पूर्ण वाढ झालेल्या मनुष्याच्या शरीरांत सुमारें ५ लिटर रक्त असतें. स्वस्थ बसलेल्या मनुष्याचें हृदय एका ठोक्यासरशीं सुमारें ७० मिलिलिटर रक्त महाधमनींत लोटतें आणि असे ठोके मिनिटास ७० च्या आसपास पडतात. गुणाकाराचें उत्तर पुन्हा ५ लिटरच्या जवळपास येतें. म्हणजे अंगांत जेवढें रक्त आहे, जवळ जवळ तेवढेंच एका मिनिटांत हृदयांतून बाहेर पडतें. तासाला हें ३०० लिटर होतें आणि दिवसाला ७००० लिटर! एवढें रक्त रोज नवें उत्पन्न करावयाचें म्हटलें तर मनुष्यास किती जेवावें लागेल, याची नुसती कल्पनाच केलेली बरी. अर्थात् हें रक्त नवें नसतें. गेलेलेंच परत आलेलें असतें.

आज हें शाळेंतील मुलासहि ठाऊक आहे. परंतु वैद्यकशास्त्रास ही गोष्ट उमगण्यास फार काळ लागला. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांत रोम येथें नांवारूपास आलेला गेलन हा ग्रीक वैद्य असें मानीत असे कीं, खाल्लेल्या अन्नापासून यकृतांत रक्त तयार होतें, शिरांवाटे तें सर्व अवयवांकडे जातें आणि पाटाचें पाणी शेतांत मुरावें तसें तेथेंच मुरून जातें. हृदयाच्या उजव्या बाजूचें थोडें रक्त मधल्या पडद्यांतील अदृश्य छिद्रांतून डाव्या बाजूस झिरपतें, असेंहि त्याचें म्हणणें होतें. हीं छिद्रें कोणाच्या दृष्टीस पडलीं नव्हतीं, तरी गेलनचा शब्द युरोपांत सुमारें १४०० वर्षें प्रमाण राहिला. तेराव्या शतकांत इब्न अल्-नफीस या अरब वैद्यानें, हा पडदा भरीव आहे आणि उजवीकडील रक्त फुप्फुसांतून फिरूनच डावीकडे येतें, असें स्पष्ट लिहून ठेविलें होतें. परंतु त्याचा तो ग्रंथ विस्मृतींत पडला, आणि १९२४ सालीं बर्लिन येथें एका इजिप्शियन डॉक्टराच्या हातीं लागेपर्यंत त्याचें महत्त्व जगास कळलें नाहीं.

रक्ताचा संपूर्ण फेरा सिद्ध करून दाखविला तो विल्यम हार्वे या इंग्रज वैद्यानें. हार्वे १५७८ सालीं जन्मला आणि इटलींतील पादुआच्या विद्यापीठांत शिकून १६०२ सालीं पदवीधर झाला. तेथें फाब्रिशियस हा त्याचा गुरु होता. शिरांच्या आंत जागोजाग नाजुक पडदे असतात, ते सर्व हृदयाच्या दिशेनें उघडतात, हें फाब्रिशियसनें शिष्यांस दाखविलें होतें आणि १६०३ सालीं त्याविषयीं पुस्तकहि प्रसिद्ध केलें. पण रक्त एकदम हातापायांत उतरून सांचूं नये म्हणून निसर्गानें ही योजना केली असावी, एवढाच त्यानें तर्क केला. दार दिसलें, तें कोणत्या बाजूस उघडतें हेंहि दिसलें. त्या दारांतून कोण कोठें जात आहे, हें मात्र गुरूस सुचलें नाहीं.

लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयांत वैद्य म्हणून काम करीत असतां हार्वेनें हा प्रश्न पुन्हा हातीं घेतला. त्याचें पहिलें साधन होतें अंकगणित. एका ठोक्यासरशीं अवघें अर्धा औंस रक्त बाहेर पडतें असें त्यानें मुद्दाम कमी धरिलें. अर्ध्या तासांत हृदयाचे ठोके हजाराहून अधिक पडतात. तेव्हां अर्ध्या तासांत ५०० औंस, म्हणजे १४ किलोंच्या वर रक्त बाहेर गेलें पाहिजे. एवढें रक्त कोणाच्याहि अंगांत नसतें, आणि खाल्लेल्या अन्नांतून तें अर्ध्या तासांत निर्माण होणें तर अशक्यच. मग तें परत आल्याखेरीज हिशेब जुळावा कसा?

दुसरा पुरावा त्याहून सोपा होता, आणि तो शतकानुशतकें वैद्यांच्या डोळ्यांसमोर होता. त्या काळीं बहुतेक रोगांवर शीर तोडून रक्त काढण्याचा उपचार होत असे. त्यासाठीं दंडावर पट्टी बांधीत आणि पट्टीच्या खालीं, म्हणजे हाताच्या पंजाच्या बाजूस, शिरा फुगत. रक्त जर शिरांतून पंजाकडे जात असतें तर तुंबारा पट्टीच्या वरच्या बाजूस झाला असता. हजारों वैद्यांनीं ही पट्टी बांधली, शिरा फुगतांना पाहिल्या, आणि हा उलटा प्रकार कां होतो हें विचारण्याची गरज कोणास भासली नाहीं! हार्वेनें पट्टी कधीं घट्ट तर कधीं सैल बांधून पाहिली. घट्ट पट्टीनें मनगटावरील नाडी बंद पडते, हात गार होतो, पण शिरा फुगत नाहींत. तीच पट्टी किंचित् सैल केली कीं नाडी पुन्हा लागते आणि शिरा टरारून फुगतात. खोल असलेल्या धमन्यांवाटे रक्त हातांत उतरतें आणि वरवरच्या शिरांवाटे परत चढतें, एवढाच याचा अर्थ होऊं शकतो.

ज्या श्रोत्यास स्वतःच्या हातावर हें पडताळून पहावयाचें असेल त्यानें हात खालीं सोडून दंडाभोंवतीं क्षणभर रुमाल गुंडाळावा. हाताच्या पुढील भागावर शिरा उठून दिसतील आणि त्यांवर मधून मधून बारीक गांठींसारखे उंचवटे आढळतील. तेच ते पडदे. शिरेवर एक बोट दाबून धरावें व दुसऱ्या बोटानें तेथून वर, एका गांठीच्या पलीकडे, रक्त निपटून न्यावें. मधला भाग रिकामा होतो आणि रिकामाच राहतो. गांठीवरील रक्त खालीं येत नाहीं. खालचें बोट उचलतांच शीर तत्काळ भरते. हार्वेच्या ग्रंथांत या प्रयोगाचीं चित्रें आहेत.

तो लहानसा लॅटिन ग्रंथ १६२८ सालीं फ्रँकफुर्ट येथें छापला गेला. हार्वे राजवैद्य होता, तरी या ग्रंथानंतर त्याच्याकडे येणारे रोगी बरेच कमी झाले, असें त्याचा स्नेही जॉन ऑब्रे यानें नमूद केलें आहे. एक उणीवहि राहिली होती. धमन्यांतील रक्त शिरांत शिरतें कोठून, हें हार्वेस दाखवितां आलें नाहीं. तो १६५७ सालीं वारला. पुढें चारच वर्षांनीं, १६६१ सालीं, मार्चेल्लो माल्पिघी या इटालियन शास्त्रज्ञानें बेडकाचें फुप्फुस सूक्ष्मदर्शकाखालीं धरिलें आणि केसाहून बारीक अशा केशवाहिन्यांचें जाळें त्यास दिसलें. हिशेबानें ठरलेली वाट अखेर डोळ्यांस दिसली.

या वाटेचे फेरे दोन. सर्व शरीरांतून आलेलें काळसर रक्त हृदयाच्या उजव्या बाजूस येतें, तेथून फुप्फुसांत जाऊन प्राणवायु घेतें आणि लालभडक होऊन डाव्या बाजूस येतें. डावी बाजू तें महाधमनीवाटे सर्वांगास पुरविते. उजवीकडील पल्ला जवळचा व डावीकडील लांबचा, म्हणून डाव्या खालच्या कप्प्याची भिंत उजव्याच्या सुमारें तिप्पट जाड असते. छातीस कान लावला असतां जे दोन आवाज ऐकूं येतात, ते मुख्यतः झडपा मिटण्याचे होत.

हृदय अहोरात्र राबतें असें म्हणण्याचा प्रघात आहे, पण तो अर्धाच खरा. मिनिटास ७५ ठोके धरले तर एका ठोक्यास ०.८ सेकंद लागतो. पैकीं खालचे कप्पे सुमारें ०.३ सेकंद आकुंचन पावतात आणि ०.५ सेकंद सैल राहतात. या हिशेबानें ते दिवसाच्या २४ तासांपैकीं १५ तास सैलच असतात! ही विश्रांति आळसाची नव्हे. याच वेळीं कप्पे भरतात, आणि याच वेळीं हृदयाचा स्नायु स्वतःचें पोषण मिळवितो. आकुंचनाच्या वेळीं डाव्या कप्प्याच्या भिंतींतील वाहिन्या चिरडल्या जातात. ती सैल झाली कींच तिला रक्त मिळतें. हें रक्त आणणारी एखादी धमनी गुठळीनें बंद झाली तर कप्पा रक्तानें भरलेला असूनहि त्याचीच भिंत उपाशी मरूं लागते. यासच हृदयविकाराचा झटका म्हणतात, आणि अशा झटक्यांत कधीं कधीं हृदय बंद पडतें.

हृदय बंद पडल्यावर वाहिन्या व झडपा जागेवरच असतात; नसतो तो रेटा. तो बाहेरून देतां येतो, हें १९६० सालीं अमेरिकेंत बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स संस्थेंतील कौवेनहोवन, ज्यूड आणि निकरबॉकर या तिघांनीं प्रसिद्ध केलें. त्यांपैकीं कौवेनहोवन हा डॉक्टर नसून विजेचा अभियंता होता, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. एखादें मोठें माणूस अकस्मात् कोसळलें, हाकेला ओ देईना आणि त्याचा श्वास बंद पडला किंवा नुसता घरघरूं लागला, तर एकानें रुग्णवाहिका बोलवावी व दुसऱ्यानें त्यास कठीण जमिनीवर उताणें निजवून छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर तळहाताचा मनगटाकडील भाग ठेवावा. त्यावर दुसरा हात ठेवून, कोपर ताठ धरून, ५ ते ६ सेंटिमीटर खोल आणि मिनिटास १०० ते १२० या वेगानें दाब द्यावा. मेंदूस रक्त न मिळाल्यास चार-सहा मिनिटांतच कायमची हानि होऊं लागते. म्हणून डॉक्टराची वाट पहात बसूं नये. प्रत्येक दाबानंतर छाती पुरती वर येऊं द्यावी. घाईनें अंगाचा भार तसाच ठेवला तर परतणारें रक्त हृदयांत शिरूं शकत नाहीं आणि पुढच्या दाबास ढकलावयास कांहीं उरत नाहीं. हें काम फार दमविणारें आहे, तेव्हां दर दोन मिनिटांनीं शक्यतों दुसऱ्यानें हात द्यावा, आणि मदत येईपर्यंत किंवा तें माणूस हालचाल करूं लागेपर्यंत थांबूं नये.