ॲप की संकेतस्थळ?

आमच्या बचत गटाच्या पापडांसाठी मोबाइल ॲपच करावे, असा माझा हट्ट होता. मग मिंत्राची गोष्ट वाचनात आली. कपडे विकणाऱ्या या कंपनीने मे २०१५ मध्ये संकेतस्थळ बंद करून फक्त ॲप ठेवले. २०१६ मध्ये संकेतस्थळ पुन्हा सुरू करावे लागले.

रोजचा वापर असेल, इंटरनेटविना काम चालवायचे असेल, तर ॲप जरूर करावे. पण वर्षातून एकदा पापड घेणाऱ्या मावशी त्यासाठी फोनमधले नातवंडांचे फोटो पुसतील का? मोबाइलवर नीट वाचता येणारे संकेतस्थळ नुसत्या दुव्याने उघडते, फोनमधली जागा अडवत नाही. आम्ही तेच केले. वाचलेल्या पैशांत उडीद दळायची गिरणी आली.