नवी मोटार आणि तिची मोड
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात अंबड येथे केलेले भाषण)



नवी मोटार घेताना ती पुढे केवढ्यास विकली जाईल, याचा विचार करावा की करू नये, हा विषय आम्ही आज मुद्दाम निवडला आहे. काहींस तो अशा मेळाव्यास न शोभणारा वाटेल. परंतु घर आणि जमीन सोडली, तर आपल्या कुटुंबांतील सर्वांत मोठी खरेदी आज बहुधा मोटारीचीच असते, आणि ती पुष्कळदा कर्ज काढून होते. जी वस्तू घरास पाच-सात वर्षे हप्त्यांनी बांधून ठेवते, तिचा विचार चारचौघांत होणे आम्हांस इष्ट वाटते.

हा विचार आपणांस परका नाही. बैलजोडी घेताना आपले वडीलधारे दात पाहत, खूर पाहत, आणि उद्या अडचण आली तर हिला बाजारात गिऱ्हाईक मिळेल काय, हेही मनाशी ताडून पाहत. दागिना घडविताना आपल्या मातोश्री घडणावळ किती आणि मोड किती, हे आधी विचारीत. घडणावळ परत येत नाही, हे त्यांस पक्के ठाऊक होते. मोटारीलाही अशी घडणावळ आहे. नोंदणीचा खर्च, विम्याचा पहिला हप्ता आणि नवेपणाची किंमत, यांतील फारसे काही पुढे हाती लागत नाही.

एके काळी ही घडणावळ कोणास जाणवत नसे. मुंबईस कुर्ला येथे तयार होणाऱ्या फियाटसाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत. वापरलेली गाडीही कधी कधी नव्या गाडीच्या ठरलेल्या किमतीहून अधिक भावाने जाई. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली, पुढे १९९१ नंतर बाजार मोकळा झाला, आणि मोटार ही दरसाल झिजणारी वस्तू ठरली. विमा कंपन्यांच्या रूढ कोष्टकातच पाहा: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के घट धरतात. हा काही बाजारभाव नव्हे. तथापि वारा कोणत्या दिशेने वाहतो, ते यावरून कळते.

आता आपल्या अंबडची गोष्ट घेऊ. आपले उत्पन्न पावसावर, उसावर, कापसावर आणि मोसंबीवर अवलंबून. २०१२-१३ च्या दुष्काळात या जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा कशा वाळून गेल्या, हे आपण विसरलेलो नाही. अशा वर्षी घरातील कोणती वस्तू चार दिवसांत रोख पैसा देईल, हा प्रश्न पोटाचा असतो. म्हणून जिचे सुटे भाग जालन्यास मिळतात, जिच्यावर गावचा मिस्त्री निःशंक हात चालवितो, तीच गाडी अडचणीत लवकर खपते. याउलट कंपनीनेच गाशा गुंडाळला, तर काय होते? जनरल मोटर्सने २०१७ च्या अखेरीस भारतातील विक्री थांबविली. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये येथील उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले. दुरुस्तीची सोय त्यांनी चालू ठेवली, तरी अशा गाडीस भाव देताना गिऱ्हाईक हात आखडता घेते.

तर मग मोड पाहूनच गाडी घ्यावी काय? येथे थोडे गणित करू. आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. एक गाडी नऊ लाखांस मिळते व पाच वर्षांनी पाच लाखांस जाते. दुसरी आठ लाखांस मिळते व साडेतीन लाखांस जाते. पहिलीत चार लाख गेले, दुसरीत साडेचार. म्हणजे पहिलीत पन्नास हजारांचा लाभ दिसतो. परंतु पहिलीसाठी एक लाख अधिक कर्ज काढले असेल, तर ९ टक्क्यांनी पाच वर्षांत सुमारे साडेचोवीस हजार व्याज पडते. लाभ निम्मा झाला! आणि दोन्ही गाड्या दहा वर्षे वापरून अनुक्रमे दोन लाखांस व सव्वा लाखास विकल्या, तर व्याज न धरताही दुसरीच पंचवीस हजारांनी स्वस्त पडते. सारांश, जो चार वर्षांत गाडी बदलणार, त्याने मोड अवश्य पाहावी. जो ती झिजेपर्यंत वापरणार, त्याने तिच्यासाठी जादा दाम मोजू नये.

आणखी एक गोष्ट मोडीच्याही वर आहे. ऊसतोडीच्या दिवसांत अंधारात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांमधून वाट काढीत आपली मुलेबाळे याच गाडीतून जालन्यास जातात. १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप या योजनेखाली गाड्यांची टक्कर-चाचणी होऊन त्यांस तारे दिले जातात. विकताना वीस हजार अधिक येतील म्हणून कमी सुरक्षित गाडी घेणे, हा व्यवहार नव्हे.

ऑक्टोबर २०१० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत दीडशे मर्सिडीज गाड्या एकाच वेळी खरेदी झाल्या. सुमारे ६५ कोटींचा तो व्यवहार देशभर गाजला. एकजुटीने घेतल्यास विक्रेता सवलत देतो, हा त्यातील धडा घेण्याजोगा आहे. परंतु खरेदीची बातमी होते, हप्त्यांची होत नाही, हेही ध्यानी असू द्यावे. शेजाऱ्याच्या दारातील गाडी पाहून, किंवा लग्नात व्याह्यांपुढे मिरवावे म्हणून, जमीन गहाण टाकून घेतलेल्या मोटारीची मोड कितीही चांगली असली, तरी गेलेली जमीन तिने परत येत नाही.

म्हणून आमची विनंती एवढीच की, प्रथम गरज व ऐपत पाहावी, दुसरी सुरक्षितता, तिसरी दुरुस्तीची सोय, आणि त्यानंतर मोड. घरातील स्त्रियांसही या विचारात घ्यावे. मोडीचे गणित त्या आपणांहून आधी शिकल्या आहेत.