न्हाणीघरातले चित्र
(मंडळाच्या हळदीकुंकवाप्रसंगी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली एक साधी गृहिणी. भाषणाची मला सवय नाही. चिटणीसबाईंनी "घर सजवण्याबद्दल काही बोला" म्हणून सांगितले, तेव्हा मी न्हाणीघराचा विषय घेतला. तो ऐकून पुष्कळ जणी हसल्या. "अहो, न्हाणीत कसली आली आहेत चित्रे?" असे एकीने विचारलेही. त्या प्रश्नाला उत्तर द्यावे, एवढ्यासाठीच मी आज उभी आहे.

मैत्रिणींनो, ही गोष्ट आपल्याला नवी नाही. दिवाळीची पहिली आंघोळ आठवा. माझे माहेर साताऱ्याकडचे. आमच्या न्हाणीत दगडी फरशी होती आणि कोपऱ्यात तांब्याचा बंब. धुराने भिंत काळी झालेली. पण नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी आजी बंब चिंचेने लख्ख घाशी, त्याला झेंडूची माळ घाली, पाटाभोवती रांगोळी काढी आणि त्या काळ्या भिंतीवर बोटाने चुन्याचे तुळशीवृंदावन रेखाटी. म्हणजे वर्षातून एक दिवस तरी न्हाणीघराला शोभा आणावी, हे आपल्या आज्यांना ठाऊक होते.

आमच्याकडे लिंब गावी बारा मोटांची विहीर आहे. शाहू महाराजांच्या काळात, १७१९ ते १७२४ या वर्षांत, वीरूबाई भोसले यांनी ती बांधवून घेतली. विहीर ती काय, पाणी काढण्याची जागा! पण तिच्या भिंतींवर शरभ कोरलेले आहेत, आणि तेथेच खोली बांधून तिचे खांबही नक्षीने सजवले आहेत. लहानपणी मला वाटे, एवढ्या खोल जागी हे कोण पाहणार? आता कळते, की जेथे माणूस रोज पाण्यासाठी जातो, तेथेही डोळ्यांना काही चांगले दिसावे असे बांधणाऱ्यांना वाटले.

आता आपल्या बायकांचे पाहा. पुढची खोली पाहुण्यांची. स्वयंपाकघर सगळ्यांचे. सबंध दिवसात आतून कडी लावून आपण एकट्या बसतो, अशी जागा एकच, आणि तीही दहा मिनिटांपुरती. त्या दहा मिनिटांत समोर काय असते? गंजलेला खिळा, ओले कपडे आणि पोपडे धरलेली भिंत. तेथे आपल्या आवडीचे एक चित्र असले, तर त्यात कोणाचे काय जाते?

परंतु याबाबतीत मी एक मोठी चूक केली. ती सांगितल्याशिवाय हे भाषण खरे होणार नाही.

माझ्या आईने मॅटीवर भरलेला एक हिरवा पोपट मी लग्नात सांगलीला आणला होता. आई पुढे दोन वर्षांतच गेली. पुढच्या खोलीत सासऱ्यांच्या तसबिरी आणि दुकानांची कॅलेंडरे होती, तेथे पोपटाला जागा मिळाली नाही. मी काही बोलले नाही. चौकट करून तो न्हाणीघरात लावला. सासूबाई म्हणाल्या, "न्हाणीत कसली गं शोभा?" पण त्यांनी काढायला लावला नाही. रोज आंघोळीला बसले की आई भेटल्यासारखे वाटे. एक पावसाळा गेला. काचेच्या आत वाफ धरली, कापडावर काळे ठिपके उठले, खिळ्याचा गंज खाली ओघळला. चौकट उघडून पाहिली तर दोरा बोटाला लागताच तुटू लागला. मी तो पेटीत ठेवला आणि कितीतरी दिवस पेटी उघडली नाही.

पुढे एकदा आम्ही बायका औंधला गेलो होतो. तेथले श्री भवानी चित्रसंग्रहालय पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभे केले. राजा रविवर्म्याची चित्रे तेथे आहेत आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराने घडवलेली आई आणि मूलही आहे. ती जपून ठेवलेली चित्रे पाहताना मला लिंबची विहीर आठवली. विहिरीतले शरभ तीनशे वर्षे पाण्याच्या सान्निध्यात उभे आहेत, आणि माझा पोपट एका पावसाळ्यात गेला. दोष चित्राचाही नाही, न्हाणीचाही नाही. दगड पाणी सोसतो, सूत आणि कागद सोसत नाहीत. एवढी साधी गोष्ट मला आधी सुचली नाही!

त्यानंतर आला २०१९ चा ऑगस्ट. आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली, हे आपण सर्वजणी जाणताच. आमच्या घरात छातीएवढे पाणी होते. परत आलो तेव्हा तसबिरी, कॅलेंडरे आणि ती पेटी, सगळ्याचा चिखल झालेला. माहेरच्या कपबश्यांचे तुकडे तेवढे हाती लागले. ते धुऊन मी बादलीत ठेवले.

न्हाणीची भिंत नव्याने करावी लागली. मी गवंड्याला म्हटले, "दादा, हे तुकडे सिमेंटमध्ये बसवून द्याल का?" तो म्हणाला, "काकू, नवी फरशी आणा की." पण मी पाटीवर खडूने पोपट काढून दाखवला, तेव्हा तोही हौसेने बसला. हिरव्या बश्यांचे अंग झाले, तांबड्या कपाची चोच झाली. आमच्या ह्यांना आधी हसू आले, मग तेच तुकडे निवडून देऊ लागले. २०२१ साली पुन्हा पाणी आले. ओसरल्यावर चिखल धुतला, तर पोपट जागच्या जागी होता.

आता अनुभवाच्या चार गोष्टी सांगते.

देवाची तसबीर न्हाणीत लावू नये, वडीलधाऱ्यांची छायाचित्रेही नकोत. जिन्याच्या कोपऱ्यात कोणी थुंकू नये म्हणून देवाच्या फरश्या लावतात, ते पाहून मला वाईटच वाटते. देवाला पहाऱ्यावर बसवू नये. न्हाणीत पान, फूल, पक्षी, नदीचा घाट असे काही शोभते.

जे गेले तर पुन्हा मिळणार नाही, ते तेथे मुळीच लावू नका. चकाकीची फरशी, चिनी मातीची बशी, तुकड्यांचे काम, पितळेची नक्षी हे टिकते. कागदी चित्रच हवे असेल तर दोन्ही बाजूंनी लॅमिनेट केलेले घ्या, बादलीपासून दूर लावा आणि बदलण्याची तयारी ठेवा. लोखंडी खिळा नको.

आपण पाटावर किंवा स्टुलावर बसून आंघोळ करतो. तेव्हा उभ्याने पाहून जागा ठरवू नका. आधी पाटावर बसा, नजर कोठे जाते ते पाहा आणि तेथे खूण करा. न्हाणी अंधारी असेल तर रंग उजळ निवडा. चित्र एकच असू द्या. चार लावली की बाजार होतो. आणि आंघोळ झाल्यावर ते कोरड्या फडक्याने पुसा, नाहीतर बोअरच्या पाण्याचा पांढरा थर त्यावर बसतो.

शेवटी एकच सांगते. सासूबाई आता थकल्या आहेत. मीच त्यांना आंघोळ घालते. परवा स्टूल भिंतीकडे पाठ करून ठेवले गेले, तर म्हणाल्या, "अगं, मला तुझ्या आईच्या पोपटासमोर बसव." ज्याला घरात जागा मिळाली नव्हती, त्याची आता रोज आठवण निघते.

तेव्हा भगिनींनो, घरी गेल्यावर पाटावर बसून समोरची भिंत एकदा पाहा.