षटक संपते, बाजार उघडतो

(कोलशेत येथील एका सार्वजनिक वाचनालयात केलेल्या भाषणाचा संक्षेप)



आजच्या भाषणाचा विषय फलकावर वाचून काहींनी स्मित केले, ते मी पाहिले. महागाई, बेकारी, शेतमालाचे भाव एवढे प्रश्न पुढे असताना अर्थशास्त्राचा एक निवृत्त प्राध्यापक क्रिकेटच्या सामन्यातील जाहिरातींवर का बोलतो आहे, असे त्यांना वाटले असणार. शंका रास्त आहे. तिचे उत्तर एका साध्या प्रसंगातून देतो.

गेल्या मोसमात एका शेजाऱ्यांकडे सामना पाहत बसलो होतो. हे गृहस्थ कोलशेत रस्त्यावरील एका रासायनिक कारखान्यातून निवृत्त झालेले कामगार. तो कारखाना आता नाही. त्या जागी मनोरे उभे आहेत. सामना ऐन रंगात आला होता. फलंदाज बाद झाला. तो परतताना त्याची मुद्रा कशी होती, कर्णधाराने नव्या फलंदाजासाठी क्षेत्ररचना कशी बदलली, हे पाहायला सारे सरसावले, तोच पडद्यावर वेलदोड्याची जाहिरात आली. तीच, दोन षटकांपूर्वी आलेली. गृहस्थ उद्वेगाने म्हणाले, "सर, दर महिन्याला पैसे भरतो मी. मग हे विकत कोण घेतंय आणि विकलं कोण जातंय?"

अर्थशास्त्राच्या वर्गात चाळीस वर्षांत इतका नेमका प्रश्न मला कोणी विचारला नव्हता.

त्याचे उत्तर असे, की विकला जातो तो प्रेक्षक. वाहिनी आपल्याला सामना विकते, हा अर्धाच व्यवहार झाला. उरलेल्या अर्ध्या व्यवहारात ती आपले लक्ष दहा-दहा सेकंदांच्या मापाने जाहिरातदाराला विकते. या व्यापाराला क्रिकेटइतका सोयीचा खेळ नाही. फुटबॉलमध्ये पंचेचाळीस मिनिटे खेळ चालू राहतो. व्यापाऱ्याला मध्यंतराची वाट पाहावी लागते. क्रिकेटमध्ये दर सहा चेंडूंनंतर फट पडते. वीस षटकांच्या सामन्यात दोन डाव मिळून अशा ३८ फटी, शिवाय प्रत्येक बळीनंतरची फट. एवढ्यानेही भागले नाही, म्हणून आयपीएलमध्ये प्रत्येक डावात अडीच मिनिटांच्या दोन 'व्यूहात्मक' विश्रांती आल्या. व्यूह कोणाचा, हे सांगायला नको.

आता आकडे पाहा. २०२२ साली आयपीएलच्या पाच वर्षांच्या प्रक्षेपणाचे हक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले. त्या वेळी धरलेल्या ४१० सामन्यांवर ही रक्कम वाटली, तर एका सामन्याला सुमारे ११८ कोटी पडतात. सामन्याचे २४० चेंडू धरले, तर एका चेंडूला जवळजवळ ४९ लाख. एवढी रक्कम वसूल करायची तर प्रत्येक फट पिळून काढावी लागते. आणि एवढ्या महाग फटी विकत घेण्याची ऐपत मोजक्याच कंपन्यांची असते. त्या शेकडो सेकंद घाऊक विकत घेतात आणि तीच जाहिरात पुन्हापुन्हा दाखवतात. तेव्हा पुनरावृत्तीचे कारण जाहिरात लिहिणाऱ्याचा आळस हे नाही. मक्तेदारी हे आहे. लिलावात दूरचित्रवाणीचे हक्क एका समूहाने घेतले आणि इंटरनेटवरील हक्क त्याच्या प्रतिस्पर्ध्याने. नोव्हेंबर २०२४ मध्ये हे दोन्ही प्रतिस्पर्धी एक झाले. स्पर्धेचे गोडवे गाणाऱ्यांनी याचा विचार करावा.

प्रेक्षक यात तीनदा किंमत मोजतो. एकदा मासिक शुल्काने. दुसऱ्यांदा साबणाच्या वडीपासून मोटारसायकलीपर्यंत प्रत्येक वस्तूच्या किमतीत मिसळलेल्या जाहिरात-खर्चाने. तिसऱ्यांदा आपल्या वेळेने. यातील दुसरी किंमत तर सामना कधीही न पाहणारी गृहिणीसुद्धा वाण्याच्या दुकानात भरत असते. गॅलब्रेथ यांनी १९५८ साली 'द ॲफ्लुएंट सोसायटी' या ग्रंथात दाखवून दिले, की उत्पादन गरजा भागवते त्याप्रमाणे गरजा निर्माणही करते. जी गरज खरी असते, ती माणसाला एका संध्याकाळी तीस वेळा सांगावी लागत नाही.

कोणी म्हणेल, कंटाळा आला तर संच बंद करा. पण ज्या आकाशातून हे प्रक्षेपण येते, ते कोणाचे? ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेटच्याच प्रक्षेपणावरून उद्भवलेल्या खटल्यात निर्णय दिला, की प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिचा वापर सार्वजनिक हितासाठी, सार्वजनिक यंत्रणेच्या नियंत्रणाखाली झाला पाहिजे. त्या खंडपीठावर न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते, हे आपल्याला अभिमानाने आठवले पाहिजे. निर्णयाचा अर्धा भाग व्यापाऱ्यांनी उचलला. सरकारची मक्तेदारी गेली. सार्वजनिक हिताचा अर्धा भाग मात्र तसाच पडून राहिला.

नियमही झाले. केबल दूरचित्रवाणीच्या १९९४ च्या नियमांत पडद्याच्या खालच्या भागात जाहिरात सरकवून कार्यक्रमात व्यत्यय आणण्यास मनाई करण्यात आली. पुढे तासाला १२ मिनिटांची कमाल मर्यादा आली. नियामक प्राधिकरण ती अमलात आणू लागताच २०१३ साली वाहिन्यांनी दिल्ली उच्च न्यायालय गाठले. दहा वर्षे उलटली, तरी अंतिम निकाल लागला नव्हता.

मग कायद्याने काही होतच नाही काय? होते. पैसे लावून संघ निवडण्याच्या खेळांची जाहिरात आपण वर्षानुवर्षे षटकागणिक पाहिली. 'यात व्यसन लागण्याचा धोका आहे' हे वाक्य असे धावत म्हटले जाई, की कान टवकारले तरी कळू नये. आमच्याच वस्तीत सामान पोहोचवण्याचे काम करणारा एक तरुण त्या नादात दोन महिन्यांचा पगार घालवून बसला. घरी आईला त्याने पाकीट मारल्याचे सांगितले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून असे खेळ आणि त्यांच्या जाहिराती बंद केल्या. एका कंपनीचे नाव भारतीय संघाच्या छातीवर होते, तेही उतरले. क्रिकेट त्यामुळे बंद पडले नाही. जाहिरातींवाचून खेळ जगणार नाही, असे म्हणणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे आहे.

जाहिरात मुळीच नको, असे माझे म्हणणे नाही. मागणी मर्यादित आहे. चेंडू टाकला जात असताना पडदा संपूर्ण खेळाचा असावा. तासाला १२ मिनिटांची मर्यादा थेट सामन्यांना कसोशीने लागू व्हावी. वेलदोड्याच्या आडून तंबाखूच्या पुडीचे नाव रुजवणाऱ्या जाहिरातींना मज्जाव व्हावा. आणखी एक गोष्ट: राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे प्रक्षेपण खासगी वाहिन्यांनी आपल्या जाहिराती वगळून प्रसार भारतीला द्यावे, असे २००७ चा कायदा सांगतो. म्हणजे जाहिरातींवाचूनचे चित्र अस्तित्वात असते. त्यावर सार्वजनिक वाहिनीनेही पुन्हा बाजार मांडू नये, एवढे मागण्याचा अधिकार आपल्याला आहे.

कारखान्यात कामगाराचे श्रमाचे तास किती असावेत, यासाठी आपल्या चळवळीने लढा दिला. आठ तासांनंतरचा वेळ त्याचा स्वतःचा असावा, हा त्या लढ्याचा अर्थ होता. तो वेळही घरात शिरून कोणी विकत असेल, तर लढा अपुरा राहिला आहे, असे समजावे. त्या शेजाऱ्यांनी प्रश्न विचारला आहे. त्याचे उत्तर आपण मिळून द्यायचे आहे.