ऊब हाही उपचारच



बाळंतीण व बाळ यांना ऊब हवी, हे महाराष्ट्रातील घराघराला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. बाळाचे टोपडे, कुंची आणि दुपटे ही त्या जाणिवेचीच रूपे होत. परंतु प्रसूती शस्त्रक्रियेने होते, तेव्हा ऊब ज्या तासाला सर्वाधिक आवश्यक, नेमका त्याच तासाला तिचा विसर पडण्याचा संभव असतो. हा प्रश्न मूठभर स्त्रियांपुरता उरलेला नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १७.२ टक्के जन्म सिझेरियन शस्त्रक्रियेने झाल्याचे आढळले होते. २०१९-२१ च्या पाहणीत हे प्रमाण २१.५ टक्क्यांवर गेले.

शस्त्रक्रियेपूर्वी बहुधा पाठीच्या कण्यातून भूल दिली जाते. तिच्यामुळे शरीराच्या खालच्या भागातील रक्तवाहिन्या सैल होतात आणि शरीराच्या गाभ्यातील उष्णता हातापायांकडे पसरते. त्यात वातानुकूलित खोली, उघडे पोट, ओले जंतुनाशक आणि शिरेवाटे दिले जाणारे थंड सलाइन यांची भर पडते. शरीराचे तपमान ३६ अंश सेल्सिअसच्या खाली गेले, म्हणजे केवळ हुडहुडी भरते असे नव्हे. रक्त गोठण्याची क्रिया मंदावते, रक्तस्राव वाढू शकतो, जखमेत जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. विशेष म्हणजे भुलेमुळे त्या स्त्रीला आपण गारठलो आहोत याची पुरती जाणीवही होत नाही. म्हणून तिच्या सांगण्याची वाट न पाहता तपमापकाने तपमान घेत राहिले पाहिजे.

यावरील उपाय फारसे खर्चाचे नाहीत. ब्रिटनमध्ये २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या सिझेरियनविषयक राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार ५०० मिलिलिटर वा अधिक सलाइन, तसेच रक्त, ३७ अंशांपर्यंत उबदार करून द्यावयाचे असते. स्त्रीला थंडी वाजत असल्यास उबदार हवेच्या पांघरुणाचा विचार करावा, असेही त्यांत म्हटले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने प्रसूतीच्या खोलीसाठी २५ ते २८ अंश तपमान सांगितले आहे. बाळ जन्मताच कोरडे करावे, प्रकृती ठीक असल्यास आईच्या उघड्या छातीशी ठेवून वरून पांघरूण घालावे आणि पहिली आंघोळ किमान २४ तास लांबवावी. आई गारठलेली असेल, तर बाळाला ऊब कोठून मिळणार?

येथे एक इशारा आवश्यक आहे. भूल उतरेपर्यंत पायांना संवेदना नसते. अशा वेळी मायेपोटी नातेवाइकांनी गरम पाण्याची पिशवी पायाशी ठेवली, तर कातडी भाजली तरी बाळंतिणीला कळत नाही. तसेच घरी परतल्यावर बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवणे माता व बालक दोघांच्याही जिवावर बेतू शकते. तिच्यातून निघणाऱ्या विषारी वायूला ना रंग असतो, ना वास.

हे काम एकट्या डॉक्टरांचे नाही. रुग्णालयात कोरड्या, स्वच्छ चादरी व ब्लँकेटे पुरेशी आहेत काय? बाळासाठीचा वॉर्मर चालू आहे काय? वीज गेल्यास जनित्र सुरू होते काय? रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत सदस्यांनी हे प्रश्न अवश्य विचारावेत. २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार शासकीय रुग्णालयात सिझेरियन विनामूल्य होते, ही माहिती ग्रामसभेत द्यावी. शिक्षकांनी पालकसभेत, आशा कार्यकर्तींनी घरभेटीत गरोदर स्त्रीच्या सासूला व पतीला सांगावे, की रुग्णालयात जाताना धुतलेली मऊ सुती वस्त्रे, बाळाचे टोपडे आणि एक उबदार पांघरूण बरोबर असू द्यावे.

औषध महाग असू शकते, यंत्र दुर्मिळ असू शकते. ऊब मात्र थोड्या दक्षतेने प्रत्येक मातेला देता येते. शस्त्रक्रियेच्या मेजावरील स्त्री स्वतः पांघरूण ओढून घेऊ शकत नाही. ते तिच्या अंगावर घालणे हे भोवतीच्या सर्वांचे कर्तव्य आहे.