मागच्या ब्रेकचे पॅड बदलताना



या व्यासपीठावरून आपण अनेक विद्वानांची व्याख्याने ऐकली असतील. मी विद्वान नव्हे. उमेदीची वर्षे पान्यांच्या पेटीशी गेली आणि पुढली मुलांना तांत्रिक विषय शिकविण्यात. म्हणून आज मी एका लहानशा वस्तूविषयी बोलणार आहे: मोटारसायकलच्या मागच्या चाकाचे ब्रेक पॅड.

आरंभी माझी एक चूक कबूल करतो. काही वर्षांपूर्वी भाच्याच्या गाडीचे मागचे पॅड मी घरच्या अंगणात बदलले. त्याला कॉलेजला जायची घाई होती. मी शेवटचा बोल्ट आवळला, हात पुसले आणि किल्ली त्याच्या हाती दिली. आमच्या घरापुढे उतार आहे. गाडी उताराला लागली आणि खालून हाक आली, "मामू, ब्रेक नाही!" त्याने पुढचा ब्रेक दाबला, गाडी घसरली आणि जांभ्याच्या गडग्याला टेकून थांबली. गुडघा खरचटला, एवढ्यावर निभावले. माझी बहीण दारात उभी होती. ती मला एक शब्दही बोलली नाही. पण तिची ती नजर मी आजही विसरलेलो नाही.

माझे काय चुकले होते? ते समजण्यासाठी ब्रेक चालतो कसा, हे पाहू. पायाने पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधील तेलावर दाब येतो. शाळेत शिकलेला पास्कलचा नियम येथे लागू होतो: तो दाब नळीतून कॅलिपरपर्यंत पोहोचतो, तेथील पिस्टन बाहेर सरकतो आणि दोन पॅड फिरत्या डिस्कला चिमटीत धरतात. घर्षणाने गतीची उष्णता होते, गाडी थांबते आणि दर वेळी पॅड कणभर झिजतो.

ही झीज मुकी नसते. पॅडवर बहुधा खाच असते. ती दिसेनाशी होऊ लागली की पॅड संपत आला. झिजेची मर्यादा गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते. अनेक गाड्यांत घर्षणाचा थर १ मिलिमीटरच्या आसपास उरला की पॅड बदलावे लागतात. लोखंडावर लोखंड घासल्याचा करकर आवाज आला, तर उशीर झाला असे समजा. पॅडबरोबर आता डिस्कही खराब होत आहे. आणखी एक खूण पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. पॅड झिजतात तसा पिस्टन बाहेर येतो आणि डबीतील तेलाची पातळी उतरते. म्हणून तेल कमी दिसले की वरून ओतून मोकळे होऊ नका. आधी पॅड पाहा आणि कोठे गळती नाही ना, तेही पाहा.

आता प्रत्यक्ष काम. गाडीगाडीनुसार रचना थोडी वेगळी असते, तेव्हा पुस्तिका जवळ ठेवा. गाडी सपाट जागी मधल्या स्टँडवर लावा. डिस्क थंड होऊ द्या. पॅड धरून ठेवणाऱ्या पिना कॅलिपर जागेवर असतानाच थोड्या सैल करा. सुटलेला कॅलिपर हातात धरून त्या सहसा सुटत नाहीत. मग कॅलिपरचे बोल्ट काढा. कॅलिपर नळीवर लोंबकळू देऊ नका, तारेने बांधून ठेवा. पॅड बाहेर असताना पेडलला कोणी पाय लावू नये. पिस्टन निखळून बाहेर येईल. जवळ मुले खेळत असतील तर त्यांना आधी दूर करा.

पॅडची भुकटी तोंडाने किंवा हवेच्या पंपाने उडवू नका. जुन्या काळी या मालात ॲस्बेस्टॉस असे. आजही ही धूळ छातीत जाऊ देण्याची वस्तू नव्हे. ओल्या फडक्याने पुसा. पिस्टनचा उघडा भाग साबणाच्या पाण्याने आणि जुन्या दातांच्या ब्रशने स्वच्छ करा, नाहीतर मळ आत जाऊन सील खराब होते. पेट्रोल किंवा इंजिन ऑइल तेथे मुळीच नको. त्याने रबर फुगते. आता तेलाच्या डबीचे झाकण उघडा, भोवती फडके गुंडाळा आणि पिस्टन हळूहळू, सरळ आत ढकला. डबीतील तेल वर चढेल, त्यावर लक्ष ठेवा. हे तेल रंग खाते; सांडले तर लगेच पाण्याने धुवा.

नवे पॅड नेहमी जोडीने घाला. पॅडला आणि डिस्कला तेलकट हात लावू नका. पत्र्याची स्प्रिंग, पिना, क्लिपा जशा निघाल्या तशाच बसवा आणि बोल्ट पुस्तिकेतील मापाप्रमाणे आवळा. तेल कमी असल्यास झाकणावर जे लिहिले असेल तेच, सीलबंद बाटलीतून घाला. हे तेल हवेतील ओल शोषते. ओल धरलेले तेल घाटात तापून उकळले की पेडल पोकळ होते. कुंभार्लीसारखा घाट उतरताना पेडलवर सतत पाय ठेवणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. तेथे गियर खाली घेऊन इंजिनाचा आधार घ्यावा.

येथे काम संपले असे वाटते, आणि नेमकी येथेच माझी चूक झाली. पिस्टन आपण मागे ढकललेला असतो. पॅड आणि डिस्क यांत अंतर पडलेले असते. पहिल्यांदा पेडल दाबाल तर ते तळाला जाईल आणि चाक फिरतच राहील. म्हणून गाडी उभी असतानाच, पायाला घट्ट लागेपर्यंत पेडल पुन्हा पुन्हा दाबा. मग तेलाची पातळी पाहा, चाक हाताने फिरवा, ब्रेक लागतो आणि सुटतो याची खात्री करा. तरीही पेडल मऊ राहिले तर आत हवा शिरली आहे. गाडी रस्त्यावर न नेता जाणत्या मेकॅनिकला बोलवा. सर्व ठीक असले तरी पहिली फेरी सपाट रस्त्यावर, सावकाश आणि स्वतःच मारा. नवे पॅड डिस्कवर बसेपर्यंत शे-दोनशे किलोमीटर जपून चालवा.

ज्यांच्या गाडीला मागे ड्रम आहे, त्यांच्याकडे पॅडऐवजी ब्रेक शू असतात. पुष्कळ गाड्यांत ब्रेकच्या दांडीपाशी बाण असतो; ब्रेक दाबल्यावर तो खुणेपर्यंत पोहोचला की शू बदलायचे.

पालकहो, आपण पोटाला चिमटा घेऊन मुलाच्या गाडीचे हप्ते भरता. महिन्यातून एकदा त्याच्या शेजारी उकिडवे बसून तो पॅड पाहा. मुलगी गाडी चालवत असेल तर तिलाही दाखवा. आणि विद्यार्थी मित्रहो, हात काळे होण्याची लाज बाळगू नका. येत नसेल तर तसे सांगण्याचीही लाज नको. उस्तादाकडे जा, पण शेजारी उभे राहून शिका.

बोल्ट आवळला म्हणजे काम झाले, असे मी त्या सकाळपर्यंत समजत होतो. आता मी गाडी आधी स्वतः चालवून, थांबवून पाहतो आणि मगच किल्ली दुसऱ्याच्या हाती देतो. एवढे एक जरी आपण घरी घेऊन गेलात, तरी माझे येथे येणे सार्थकी लागले असे समजेन.