विसराळू दादी आणि मेंदूचे स्कॅन



दादीने एकच गोष्ट तिसऱ्यांदा विचारली की आपण ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणतो, हसतो आणि मोकळे होतो. मला या हसण्याविषयीच बोलायचे आहे.

विसरणे वयाच्या मानाने जास्त, पण रोजचे व्यवहार माणूस स्वतः सांभाळतो, अशा मधल्या अवस्थेला डॉक्टर थोडक्यात एमसीआय म्हणतात. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या रोनाल्ड पीटरसन यांनी १९९९ मध्ये तिचे निकष मांडले. त्यांच्या अभ्यासात अशा शंभर जणांपैकी दरवर्षी साधारण बारा जण स्मृतिभ्रंशाकडे गेले; निरोगी वृद्धांत एक-दोन. म्हणजे बाकीचे त्या वर्षी गेले नाहीत, हेही लक्षात घ्या. काही जण तर पुन्हा सुधारतात.

मग कोण जाणार, हे आधी कळेल का? यासाठी २००४ मध्ये अमेरिकेत एडीएनआय हा मोठा प्रकल्प सुरू झाला. त्याच माणसांचे एमआरआय वर्षानुवर्षे काढायचे आणि हिप्पोकॅम्पस किती आकसतो ते मोजायचे. नव्या आठवणी साठवण्यात या भागाचा मोठा वाटा असतो. पेट स्कॅनमध्ये मेंदूचा कुठला भाग साखर कमी वापरतो ते दिसते. दुसऱ्या प्रकारच्या पेटमध्ये अमायलॉइड या प्रथिनाचे साठे दिसतात. ही सगळी माहिती जगभरच्या संशोधकांना खुली ठेवली गेली. मला याचे फार मोल वाटते.

पण त्यात सहभागी झालेले बहुतेक गोरे आणि चांगले शिकलेले होते. शाळेची पायरी न चढलेल्या आपल्या नानीला त्या मापाने कसे मोजणार? स्मरणशक्तीच्या प्रचलित चाचणीत वाक्य लिहायला लावतात, शंभरातून सात-सात वजा करायला सांगतात. तिथे अडखळणे म्हणजे आजार नव्हे. हे ओळखूनच हरियाणातील बल्लभगडच्या अभ्यासासाठी निरक्षरांनाही देता येईल अशी हिंदी चाचणी तयार केली गेली.

स्कॅनही ब्रह्मवाक्य नाही. अमायलॉइड असूनही ठणठणीत असलेले वृद्ध पुष्कळ आहेत. उलट बी-१२ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, कमी ऐकू येणे यांनीही विसरायला होते, आणि त्यांवर उपाय आहेत. महागड्या पेटच्या आधी या साध्या तपासण्या मागा. दादीबरोबर जाल तेव्हा ती घरी दखनी बोलते, किती शिकली आहे, आणि विसरणे केव्हापासून वाढले, हे डॉक्टरांना तुम्हीच सांगा. चाचणी तिच्या भाषेत घ्या, असा आग्रहही धरा.